शालीतलं रीडिंग

२८ नोव्हेंबर, लाहोर

मशीन आलं. पांढरं, थर्मासएवढं, वर जाळी. प्रवासी एअर प्युरिफायर. गाडीत ठेवा, पाहुण्यांच्या घरी ठेवा, मांडीवर ठेवा. बॅटरी सहा तास, गाडीतही चार्ज होते. पुढे चौकोनात आकडा उमटतो, हवेत धूर-धूळ किती त्याचा. पन्नासच्या आत हिरवा दिवा, मग पिवळा, दीडशेच्या वर लाल.

मला रीडिंग शिकवायची गरज नाही. वीज खात्यात चौतीस वर्षं मीटर इन्स्पेक्टर होतो. एक्सरेच्या फिल्मची पट्टी घालून मीटरची चकती थांबवणारा हलवाई मी पकडलाय. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही.

चार तारखेला मुलतानला आपाच्या मुलीचं, अरीबाचं लग्न. इकडे बायकोला, सरवतला दमा, आणि लाहोरची हवा महिनाभर अशी की समोरच्या बट साहेबांचं गेट दिसत नाही. आमची मुलगी सुंबुल अबोटाबादहून रोज फोन करते. अम्मीने मुलतानला जायचं नाही, सरळ माझ्याकडे डोंगरात यायचं, फेब्रुवारीपर्यंत राहायचं. फेब्रुवारीपर्यंत! मग माझ्या चहाचं काय? म्हणजे प्रश्न चहाचा नाही, तत्त्वाचा आहे.

तिकडे आपाचा निरोप: मागच्या लग्नालाही तुझी बायको आली नाही, या वेळी एकटा आलास तर तोंड दाखवू नकोस. थोरली बहीण आहे. वडील गेल्यावर तिनेच मला शिकवलं. तिला नाही कसं म्हणणार?

तोडगा मी काढला. मशीन. सुंबुलने दोन दिवस वाद घातला, मग अट घातली: दर तासाला मशीनचा फोटो पाठवायचा, अम्मीच्या शेजारी ठेवून काढलेला. पन्नासच्या वर गेलं की गाडी मागे फिरवायची. कबूल केलं. आकड्याची अट मला आवडते.

संकल्प: (१) प्रवासात सिगारेट नाही. (२) आपाशी वाद नाही. (३) सरवतला एकदाही खोकला येऊ द्यायचा नाही.

२९ नोव्हेंबर

घरी ट्रायल. बैठकीत ३१२. मशीन खराब असावं. हाताने थोपटलं. ३१५.

सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत जुने बनियन कोंबले. दोन तासांनी ९६. मग सरवतने तवा ठेवला आणि आकडा ४०० झाला. तिला म्हणालो, आज पराठे नकोत, रस्क खाऊ. ती म्हणाली, मशीनला घर आवडत नसेल तर मशीनला बाहेर ठेवा. बायकांना यंत्राची समज कमी.

सायंकाळी मी मशीन उशीखाली ठेवून बघितलं, १९! म्हणजे मशीन उत्तम आहे. फक्त जागा बरोबर हवी.

३० नोव्हेंबर

बट साहेबांना मशीन दाखवलं. त्यांनी विचारलं, एवढ्याशा डब्याने गाडीभर हवा साफ होते? त्यांना क्षेत्रफळ, घनफळ समजावलं. ते म्हणाले, भाभींना सुंबुलकडे का नाही पाठवत? म्हणालो, ती माझ्याशिवाय राहू शकत नाही. सरवत आत ऐकत होती. काही बोलली नाही, म्हणजे खरंच आहे.

१ डिसेंबर, सकाळी ८

मोटरवे धुरामुळे बंद. जीटी रोडने निघालो. मेहरान गाडी आपली जुनी, पण इंजिन शेर आहे. डाव्या खिडकीची काच दोन बोटं खाली अडकते, तिथे पुठ्ठा लावलाय. सरवत मागच्या सीटवर, मांडीवर मशीन, पर्समध्ये इन्हेलर.

सकाळी ९

पहिल्या फोटोची वेळ. आकडा १६४, लाल. पुठ्ठा नीट केला. १५१. अट पन्नासची. गाडी बाजूला घेतली आणि विचार केला.

परत फिरलो तर आपाला काय सांगू? आणि आकडा काही सरवतच्या फुफ्फुसाचा नाही, गाडीचा आहे. गाडी मोठी, मशीन छोटं. मशीनला त्याच्या मापाची खोली द्यायला हवी. सरवतची मोठी काश्मिरी शाल मशीनवर पांघरली, वरून गाठ मारली. सात मिनिटांत ३८, हिरवा. गाठ जरा सैल करून फोटो काढला, शालीचा काठ दिसेल असा, म्हणजे अम्मी शेजारी आहे हे कळावं. पाठवला. सुंबुलचं उत्तर: माशाअल्लाह अब्बा!

याला चोरी म्हणत नाहीत. सरवत त्याच शालीच्या दुसऱ्या टोकात आहे. तिच्यापर्यंत पोचतेच ना हवा.

सकाळी ११, पत्तोकीच्या पुढे

शेतात धान कापून झालंय, खुंट जळताहेत. रस्ता पिवळा. पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसतात. फोटो: ३३. सरवतने इन्हेलर दोनदा घेतला. सवय झालीय तिला. तिला म्हणालो, शाल मशीनवर राहू दे. ती म्हणाली, थंडी वाजते. म्हणालो, पुढच्या फोटोनंतर घे.

पेट्रोल पंपावर एक सिगारेट. गाडीपासून वीस पावलांवर उभा राहून ओढली. जबाबदारी म्हणून.

दुपारी २, साहिवाल

इन्हेलर पाच. ती मोजत होती, मी नाही. म्हणाली, अहो, आकड्याकडे बघता तेवढं एकदा आरशात मागे बघा. बघितलं. शाल नीट होती. फोटो: २७. आजचा सर्वोत्तम.

सायंकाळी ७, मुलतान

पोचलो. दहा फोटो, दहा हिरवे. अख्ख्या नोकरीत असं स्वच्छ रजिस्टर पाहिलं नाही. सरवत जिन्यात तीनदा बसली. आपा म्हणाली, अगं, तू तर माझ्यापेक्षा म्हातारी झालीस. मला कौतुकाने म्हणाली, बशारत, आणलंस हो तिला! डोळे भरून आले. माझे.

२ डिसेंबर

मशीन सगळ्या घरात गाजलं. सगळे येऊन बघून गेले. आपाच्या दिरांनी जाळीला नाक लावून पाच मिनिटं श्वास घेतला आणि म्हणाले, छातीत पेपरमिंट गेल्यासारखं वाटतं. त्यात पेपरमिंट नाही, पण मी दुरुस्ती केली नाही.

मग आपाला नजर आठवली. एवढी वस्तू, एवढे डोळे. तिने तव्यावर निखारे घेतले, दृष्ट काढायचे हरमलचे दाणे टाकले आणि मशीनभोवती सात वेळा ओवाळलं. हरमलचा धूर म्हणजे काय सांगावं! आकडा ९९९ वर गेला आणि तिथेच अडकला. त्याच्यापुढे त्याला मोजता येत नाही. सरवत खोलीतून निघून गच्चीवर गेली. गच्चीवरही धूरच, पण मोकळा.

आपाला थांबवायला हवं होतं का? संकल्प क्रमांक दोन.

संध्याकाळचा फोटो उशीखाली. २१. सुंबुलने विचारलं, अम्मीचा आवाज ऐकवा. सरवत फोनवर म्हणाली, मी बरी आहे, लग्नघर आहे, गडबड आहे. मग माझ्याकडे बघितलं. तिने माझी बाजू सांभाळली. चांगली बायको मिळाली मला.

३ डिसेंबर

आपाने मशीन मागितलं. अरीबाच्या खोलीत ठेवायला. उद्या पार्लरवाली येणार, हवेत धूळ असेल तर मेकअप बसत नाही म्हणे. मी म्हणालो, आपा, ते सरवतचं आहे. आपा म्हणाली, माझ्या मुलीच्या लग्नात एक दिवस डबा द्यायला तुझा जीव जातो? चार बायकांसमोर म्हणाली. वर हेही म्हणाली की मामाकडून भाचीला एवढंसुद्धा नको का?

दिलं. वधूची खोली दुपारपासून बंद, दारंखिडक्यांना पडदे. आकडा १६! हे मशीन लाहोरमध्ये वाया जात होतं.

सरवतला सांगितलं. म्हणाली, द्या. आवाज बसलाय तिचा. म्हणाली, सुंबुलला सांगा एकदा खरं. म्हणालो, परवा वलीमा, नवऱ्याकडची मेजवानी झाली की सांगतो, उगाच मुलीला घोर नको. वधूच्या खोलीच्या दारातून हात आत घालून फोटो काढले. चार. शेजारी सरवतची शाल ठेवली होती. शाल तिला संध्याकाळी परत दिली.

रात्री तिने दोन उशा लावून बसूनच झोप घेतली. मी आवाज ऐकत होतो. म्हणजे मला झोप लागली नव्हती, हे इथे नोंदवतो. नंतर लागली.

४ डिसेंबर, सकाळी ११

बारात दुपारी, धुक्यामुळे सगळे कार्यक्रम दिवसा. गल्लीत शामियाना. बायकांच्या बाजूला कनातीच्या पडद्यामागेच आठ देगी, मोठे हंडे, लाकडाच्या चुलींवर. बिर्याणीचा वास इथपर्यंत. सरवतला आपाने देगींच्या जवळची खुर्ची दिली, ऊब असते म्हणून. आपा मनाने वाईट नाही.

दुपारी १

फोटो: ३१. खाली लिहिलं, अम्मी मजेत, दुल्हन बघतेय. सुंबुलने दिलाचं चित्र पाठवलं.

दुपारी ४, इस्पितळ

दीडच्या सुमारास कुणीतरी हाक मारली. सरवत खुर्चीवर पुढे वाकलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ निळसर. काहीतरी म्हणत होती, पण एका शब्दापुढे दुसरा येत नव्हता. इन्हेलर रिकामा. मेहरानमध्ये घातलं आणि आणलं. रस्त्यात मी तिला सांगत होतो, लांब श्वास घे, लांब श्वास घे. जणू तिला सुचलंच नसतं.

डॉक्टर तरुण आहे, पोरगाच म्हणायचा, पण हात भराभर चालतात. ऑक्सिजन लावला. वाफ दिली. म्हणाला, छातीत दम्याची शिट्टी ऐकू येत नाही, हवा आतच जात नाहीय, दमा की हृदय हे बघायला हवं. धुरात होत्या का? मी म्हणालो, लग्नघर आहे. हे खोटं नाही.

सायंकाळी ५

त्याने सुंबुलला फोन लावला, जुने रिपोर्ट विचारायला. स्पीकरवर. सुंबुल रडत नव्हती, तिचा आवाज कॉलेजात शिकवते तसा होता. म्हणाली, डॉक्टरसाहेब, हवेचं कारण नसणार. माझ्याकडे चार दिवसांचे फोटो आहेत, दर तासाचे. एकदाही चाळीसच्या वर नाही. माझे अब्बा फार काटेकोर आहेत.

डॉक्टर म्हणाला, मग हृदयच. इथे सोय नाही. दुसऱ्या टोकाला हृदयाचं इस्पितळ आहे, ॲम्ब्युलन्सने या गर्दीत आणि धुरात पाऊण तास. वाटेत धोका आहे, पण हृदय असेल तर थांबण्यातही आहे. अर्ध्या तासात निघू.

मी बाहेर चहाच्या टपरीवर आलो. हे इथे बसून लिहितोय. डॉक्टर शिकलेला आहे. मी मीटरवाला. मी कोण सांगणार की कशाने झालं? आणि असेलही हृदय. तिच्या आईला होतं.

हृदय असेल तर कुणाचीच चूक नाही.

हे मघाशी मनात आलं की हृदयच निघावं. लिहायची लाज वाटते, पण वही माझी आहे आणि ती कुणी वाचत नाही. खरंच वाटलं तसं. माझ्या बायकोला हृदयाचा आजार असावा, असं मला दहा मिनिटं वाटत होतं.

संध्याकाळी ६

आत गेलो तेव्हा स्ट्रेचर दारापर्यंत आलं होतं. सरवतच्या तोंडावर मास्क. तिने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं, तिला बोलता येत नव्हतं. आणि बोलता येत होतं तेव्हाही ती बोलली नव्हती, माझ्यासाठी.

डॉक्टरची बाही धरली. म्हणालो, फोटो खोटे आहेत. त्याला वाटलं मशीन बिघडलंय. म्हणालो, मशीन चांगलं आहे, मी काढलेले खोटे. शालीत गुंडाळून काढले. उशीखाली काढले. काल-आज मशीन हिच्याजवळ नव्हतंच. ही चार दिवस धुरात आहे. रस्त्यात धूर, घरात हरमल, आज तीन तास लाकडाच्या चुलीशेजारी. हलवू नका हिला.

त्याने माझा हात बाहीवरून सोडवला. मग ओरडला, स्ट्रेचर मागे घ्या. सुई दिली, सलाईनमधून औषध, पुन्हा वाफ, पुन्हा वाफ. मला म्हणाला, चाचा, हे तासाभरापूर्वी सांगितलं असतं तर?

सुंबुलने पुन्हा लावलेला फोन चालूच होता, टेबलावर. सुंबुल ऐकत होती. तिने विचारलं, किती फोटो, अब्बा? म्हणालो, सगळे.

तिने फोन ठेवला.

५ डिसेंबर

सरवत पाणी प्यायली. दोन वाक्यं सलग बोलली. पहिलं, अरीबाची विदाई नीट झाली का? दुसरं, तुम्ही काही खाल्लं का?

खाल्लं म्हणालो. खाल्लं नव्हतं. आता हेही लिहून ठेवतो.

आपा बिर्याणी घेऊन आली. सरवतच्या पायाशी बसून खूप रडली. जाताना मला बाहेर घेऊन म्हणाली, ते मशीन आणखी दोन दिवस राहू दे का, वलीम्याला पाहुणे आहेत, आता तुला इथे काय उपयोग? संकल्प क्रमांक दोन मोडला. आयुष्यात पहिल्यांदा आपावर ओरडलो. पण त्यात खोट होती, कारण ओरडायचं तिच्यावर नव्हतं.

७ डिसेंबर

सुंबुल काल आली. मला सलाम केला, खाली बघून. भांडली असती तर उत्तरं तयार होती. रात्रभर तयार केली होती: आपाचा मान, बंद मोटरवे, लहान मशीन मोठी गाडी. तिने एकही प्रश्न विचारला नाही.

डॉक्टरने जायची परवानगी दिली. मोटरवे उघडलाय. सुंबुलने ऑक्सिजनवाली मोठी गाडी केली, अम्मीला थेट अबोटाबादला. मी मशीन पुढे केलं, म्हणालो, गाडीत लाव, फुल चार्ज आहे. ती म्हणाली, तुमच्याकडेच ठेवा, अब्बा. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी विचारलं, मी पण येऊ? सरवतने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. सुंबुल म्हणाली, अम्मीला जरा आराम करू द्या.

मी मेहरानने एकटा परत. जीटी रोडनेच. सवयीने.

९ डिसेंबर, लाहोर

घर. बैठकीत २८८. चहा स्वतः केला. पत्ती किती टाकायची हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

नवे संकल्प: (१) सिगारेट बंद, खरोखर. (२) रोज सरवतला फोन. (३) ती बरी झाली की काच दुरुस्त करून मेहरानने स्वतः घेऊन येणार. फेब्रुवारीपर्यंत थांबायची गरज पडणार नाही असं वाटतं. तिलाही माझ्याशिवाय करमत नसणार.

१० डिसेंबर

फोन. सुंबुलने तिला बोटाला लावायचा चिमटा आणलाय, रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. विचारलं, किती? सरवत म्हणाली, सत्त्याण्णव. सत्त्याण्णव म्हणजे तरण्या मुलीसारखा! बट साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, डोंगराची हवा. म्हणालो, औषध वेळेवर मिळालं म्हणून. कुणामुळे मिळालं ते मी बोललो नाही.

१२ डिसेंबर

काल ९७. आज ९७. मी एक रजिस्टर केलंय, तारीख, वेळ, आकडा, शेरा. शेऱ्यात लिहितो: समाधानकारक. सिगारेट दोन.

फोनवर मागे कोणीतरी खोकत होतं. तिला विचारलं, तू का? म्हणाली, शेजारच्या घरात.

१४ डिसेंबर

९७. बर्फ पडलाय म्हणाली. सुंबुल फोनवर येत नाही, कॉलेजात असते. रविवारीसुद्धा.

मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात येतो. ती म्हणाली, रस्ते बंद असतात, कशाला धावपळ, मी बरी आहे ना.

१६ डिसेंबर

आज मुद्दाम तीनदा फोन केला. सकाळी उठल्या उठल्या. दुपारी जेवल्यावर. संध्याकाळी, जिना चढून आले म्हणाली, धाप फोनवरून ऐकू येत होती, तेव्हा. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव.

रजिस्टर उघडून बसलो. एका खाली एक, सात दिवस. एवढा सरळ रकाना खात्यात आला की आम्ही पुढे काही वाचत नसू. उन्हाळा असो, घरात लग्न असो, घर बंद असो, आकडा तोच. म्हणजे मीटर रीडर त्या घरी गेलाच नाही, कुठेतरी बसून लिहिलंय. असे दोन रीडर मी घरी पाठवलेत.

तिला विचारायचं होतं, सरवत, खरं किती? शब्द तोंडापर्यंत आला. मी गप्प आहे हे तिला कळलं. ती म्हणाली, फोटो पाठवू का?

म्हणालो, नको, नको. माझा विश्वास आहे.